फुप्फुसाचा आणि धमन्यांचा धागा एकच

माझ्या मावशीने जन्मात कधी विडी ओढली नाही की तंबाखू मळली नाही. तिने चूल फुंकली, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. गेल्या थंडीत एक जिना चढताना तिला तीनदा बसावं लागलं, म्हणून मी तिला फुंकून करायच्या तपासणीला घेऊन गेले. तिथल्या मुलीने पुठ्ठ्याची नळी हातात दिली, तशी मावशी म्हणाली, "अगं, ही तर फुंकणी!" मुलगी हसली आणि कामाला लागली. "मावशी, छाती भरून हवा घ्या. आता सगळी एका दमात सोडा. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका..." असं तीन वेळा झालं. डॉक्टरांनी कागदावरचे आकडे बघितले आणि लगेच मावशीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. मग तिच्या पायाच्या घोट्याजवळची नाडी चाचपली.

आम्ही धाप घेऊन आलो होतो. नाडीचं इथे काय काम, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ज्यांचं फुप्फुस अधू असतं, त्यांतले बरेच जण शेवटी हृदयाने जातात, नाहीतर अंगावरून वारं जाऊन. म्हणून दोन्ही एकदमच बघायचं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. श्वासाची नळी वेगळी, रक्ताची नळी वेगळी, शाळेच्या पुस्तकात तर दोन वेगळे धडे. मग एकीचं दुखणं दुसरीत कसं उतरतं? गेले काही महिने मी यावर वाचत होते. जे समजलं ते इथे सांगते, कारण आपल्याकडे चुलीपुढे बसलेल्या, धाप लागणाऱ्या आणि कधीच बीपी न मोजलेल्या बायका घरोघरी आहेत.

आधी ती तपासणी. तिचं नाव स्पायरोमेट्री. तिच्यात मुख्यतः दोन आकडे मिळतात. छाती पूर्ण भरून घेतल्यावर एकूण किती हवा बाहेर टाकता आली, हा एक. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती बाहेर पडली, हा दुसरा. निरोगी तरुण माणूस एकूण हवेतला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आहे असं मानतात. सीओपीडी म्हणतात तो आजार हाच. भारतात मृत्यूच्या कारणांमध्ये हृदयविकारानंतर त्याचा नंबर लागतो, तरी गावात विचारलं तर 'दमाच आहे' असं म्हणून विषय संपतो.

हवा मोजण्याचं हे काम पहिल्यांदा नीट केलं ते लंडनच्या जॉन हचिन्सन या सर्जनने. पाण्यात उपडं घातलेलं भांडं, त्याला नळी, आणि फुंकलं की भांडं वर उचललं जाणार, असं त्याचं यंत्र होतं. 1846 मध्ये त्याने दोन हजारांहून अधिक माणसांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे होते, मुष्टियोद्धे होते. एका दमात सोडता येणाऱ्या हवेला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' असं नाव दिलं. व्हायटल म्हणजे जिवाशी निगडित. हा आकडा कमी असलेली माणसं लवकर जातात हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि आयुर्विमा कंपन्यांना त्याचा उपयोग होईल असंही त्याला वाटत होतं.

त्याचं म्हणणं किती खोल होतं हे कळायला शंभर वर्षं जावी लागली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात 1948 पासून पाच हजारांहून अधिक रहिवाशांची वर्षानुवर्षं तपासणी होत राहिली. आज आपण बीपी आणि कोलेस्टेरॉलबद्दल जे सहज बोलतो, त्यातलं बरंचसं या गावाने शिकवलेलं आहे. 1983 मध्ये त्याच अभ्यासातून असंही पुढे आलं की ज्यांची फुंक कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त. यावर कुणीही म्हणेल की तो सगळा सिगारेटचा प्रताप, ती दोन्हीकडे नासधूस करते. पण 1996 मध्ये स्कॉटलंडमधल्या रेनफ्रू आणि पेझली या गावांतल्या पंधरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जन्मभर सिगारेट न ओढलेल्यांमध्येही कमी फुंक आणि लवकर मृत्यू यांची जोडी दिसली. म्हणजे सिगारेट बाजूला काढली तरी काहीतरी उरतंच.

ते उरलेलं समजून घ्यायचं तर शरीर कशाचं विणलंय ते बघावं लागतं.

फुप्फुस म्हणजे छातीतला भाता. श्वास आत घेताना स्नायू जोर लावून तो ताणतात. बाहेर सोडताना मात्र शांत बसलेल्या माणसाला काहीच जोर लावावा लागत नाही, ताणलेलं फुप्फुस आपोआप आक्रसतं. हे आक्रसणं येतं कुठून? फुप्फुसात सुमारे 48 कोटी वायुकोश असतात, आणि त्यांच्या पातळ भिंतींतून एका प्रथिनाचे तंतू विणलेले असतात. त्याचं नाव इलॅस्टिन. परकराच्या नेफ्यातल्या इलॅस्टिकसारखं ते ताणलं जातं आणि सोडलं की जागेवर येतं. दिवसाला साधारण वीस हजार वेळा.

आता धमनीकडे या. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि प्रत्येक वेळी रक्ताचा लोंढा महाधमनीत ढकलतं. महाधमनी त्या लोंढ्याबरोबर थोडी फुगते, आणि हृदय विसावलं की आक्रसून तेच रक्त पुढे लोटते. त्यामुळे धक्क्याधक्क्याने निघालेलं रक्त मेंदूत आणि मूत्रपिंडात पोचेपर्यंत बरंच संथ झालेलं असतं. या फुगण्या-आक्रसण्यामागेही इलॅस्टिनच आहे. महाधमनीच्या भिंतीत त्याचे थरावर थर असतात.

विहिरीवर मोटार सुरू केली की कडक पीव्हीसी पाइप कसा थडथडतो आणि रबरी पाइप धक्का कसा पोटात घेतो, हे शेतावर वावरलेल्यांना वेगळं सांगायला नको. धमनी ताठर झाली की तिचा पीव्हीसी पाइप होतो. नाडीची लाट तिच्यातून जास्त वेगाने धावते. हा वेग मोजता येतो: मानेतली नाडी आणि जांघेतली नाडी यांच्यात किती क्षणांचं अंतर पडतं ते टिपायचं आणि मधल्या लांबीला त्याने भागायचं. तरुण, निरोगी माणसात हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. दहाच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. वेगाने गेलेली लाट खालच्या फाट्यांवर आपटून परतही लवकर येते. हृदय अजून रक्त ढकलत असतानाच ती समोरून येऊन भिडते. हृदयाला मग दररोज, प्रत्येक ठोक्याला, उलट्या वाऱ्यात सायकल मारल्यासारखं राबावं लागतं.

आणि आता ही गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. शरीर इलॅस्टिन बनवतं ते मुख्यतः आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत आणि लहानपणी. मोठेपणी नवं जवळजवळ बनत नाही. हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत उघड्या आकाशात झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनचं प्रमाण वाढलं. त्यानंतर शरीरात जे काही नवं बनलं, त्यात या जास्तीच्या कार्बनचा शिक्का उमटला. 1991 मध्ये संशोधकांनी माणसांच्या फुप्फुसातलं इलॅस्टिन तपासलं, तेव्हा स्फोटांच्या आधीच मोठ्या झालेल्या माणसांमध्ये तो शिक्का फारसा सापडला नाही. त्यांचं इलॅस्टिन जुनंच होतं, लहानपणी विणलेलं. हिशेबाने त्याचं सरासरी वय निघालं सुमारे 74 वर्षं. थोडक्यात, माणसाला आयुष्यभरासाठी हे कापड एकदाच मिळतं. फुप्फुसालाही तेच आणि धमनीलाही तेच.

मग ते फाडतं कोण? मुख्यतः धूर. विडीचा, सिगारेटचा, चुलीचा, डिझेलचा, कचरा जाळल्याचा. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकाच्या केसांना जुमानत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या झटापटीत इलास्टेज नावाचं एन्झाइम सांडतं. नावच सांगतं ते काय कापतं. शिवाय फुप्फुसातली ही धुसफूस तिथेच राहत नाही. दाह वाढवणारे पदार्थ रक्तात उतरतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला सैल ठेवतं ते काम मंदावतं. म्हणून एकाच धुराने फुप्फुसाचं आणि धमनीचं, दोन्ही कापड विरतं. एडिनबरोच्या संशोधकांनी 2012 मध्ये सीओपीडीच्या रुग्णांच्या त्वचेचे नमुने तपासले, तर तिथल्या इलॅस्टिनची झीजही फुप्फुसाच्या झिजेशी आणि धमन्यांच्या ताठरपणाशी मिळतीजुळती निघाली. सुरकुती, धाप आणि ताठ नाडी, तिन्ही एका माळेत.

पण एकाच चुलीपुढे बसलेल्या दोन जावांपैकी एकीला धाप लागते आणि दुसरी सत्तरीत डोंगरावरच्या देवीला चालत जाते, असं का? इथे आनुवंशिकता येते.

सर्वांत स्पष्ट उदाहरण स्वीडनचं. 1963 मध्ये माल्मो शहरात कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिकसन यांनी रक्ताच्या सुमारे 1500 नमुन्यांपैकी पाचांमध्ये एक ठरावीक प्रथिन जवळजवळ नसल्याचं टिपलं. त्या पाचांपैकी तिघांना फुप्फुसाचा आजार होता. ते प्रथिन होतं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. त्याचं काम इलास्टेजला आवर घालणं. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी, त्यांचं इलॅस्टिन उघड्यावर पडतं. तरीही यातल्या ज्या माणसाने सिगारेट ओढली नाही, त्याची बरीच वर्षं बरी जाऊ शकतात. ओढली, तर तिशी-चाळिशीतच फुप्फुस पोकळ होऊ लागतं. जनुक आणि धूर यांनी मिळून केलेलं काम याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. हा दोष उत्तर युरोपीय लोकांत जास्त आढळतो, आपल्याकडे क्वचितच. दुसरं उदाहरण खुद्द इलॅस्टिनच्या जनुकात बिघाड असलेल्यांचं. त्या दुर्मीळ आजारात त्वचा लोंबते, काहींचे वायुकोश फुगून फाटतात आणि महाधमनीही फुगते. एक जनुक, तिन्ही ठिकाणी परिणाम.

बाकी आपल्यासारख्यांच्या बाबतीत एक जनुक धरून दाखवता येत नाही. फुंकेच्या ताकदीशी जोडलेल्या जनुकीय जागा आता एक हजारावर मोजल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. अशा वेळी जुळ्यांचा अभ्यास उपयोगी पडतो.

एकसारखी दिसणारी जुळी एकाच बीजातून आलेली असतात, त्यांची जनुकं जवळपास तंतोतंत तीच. वेगळी दिसणारी जुळी मात्र सख्ख्या भावंडांसारखी, सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात, एकाच ताटात, एकाच धुरात वाढतात. मग एकसारख्या जुळ्यांची फुंक वेगळ्या जुळ्यांपेक्षा जास्त मिळतीजुळती निघाली, तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांच्या खात्यात मांडायचा. समजा एकसारख्यांमध्ये सारखेपणा 0.70 आणि वेगळ्यांमध्ये 0.45 निघाला. फरक 0.25. वेगळ्या जुळ्यांचीही निम्मी जनुकं सारखीच असतात, म्हणून हा फरक जनुकांच्या अर्ध्याच वाट्याचा. त्याची दुप्पट 0.50. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा निम्मा वाटा आनुवंशिक. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण खऱ्या अभ्यासांतही पहिल्या सेकंदाच्या फुंकेसाठी उत्तर निम्म्याच्या आसपास येतं. नाडीच्या वेगासाठी फ्रेमिंगहॅमच्या कुटुंबांमध्ये ते सुमारे 40 टक्के आलं.

खरी युक्ती पुढे आहे. एका जुळ्याचं फुप्फुस मोजायचं आणि दुसऱ्याची धमनी. रामूची फुंक लक्ष्याच्या नाडीबद्दल काही सांगते का? एकसारख्या जोड्यांमध्ये ती जास्त सांगत असेल, तर दोन्ही अवयवांवर काम करणारी काही जनुकं सामायिक आहेत. दोन्ही प्रकारच्या जोड्यांमध्ये सारखंच सांगत असेल, तर घर सामायिक आहे. आणि एकाच माणसाच्या फुंक-नाडीत नातं दिसतं पण त्याच्या जुळ्यात उतरत नाही, तर ते त्या माणसाच्या स्वतःच्या जगण्यातून आलंय: त्याची सिगारेट, त्याची फॅक्टरी, त्याचा न्यूमोनिया. हंगेरीत बुडापेस्टच्या ॲडम आणि डेव्हिड टार्नोकी या डॉक्टर भावांनी जुळ्यांवर असं बरंच काम केलं आहे, आणि ते दोघे स्वतःही जुळे आहेत.

'निम्मं आनुवंशिक' हे वाचून पुष्कळ जण हात टेकतात. वडलांना होतं, मला होणारच. इथे मला ठासून सांगावंसं वाटतं की त्या आकड्याचा तो अर्थच नाही. तो आकडा एका समाजातल्या फरकांचा हिशेब आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही. एखाद्या वाडीत सगळ्याच घरांत सारखाच धूर असेल, तर धुरामुळे माणसामाणसांत फरक दिसणारच नाही, आणि उरलेला फरक सगळा जनुकांचा वाटेल. तरी ती अख्खी वाडी धुरानेच खंगत असेल. शिवाय जनुकं कधीकधी सवयीच्या वाटेने येतात. 2008 मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी 15व्या गुणसूत्रावरची एक जागा दाखवली. ती ज्यांच्यात असते त्यांना निकोटिनची ओढ जास्त लागते, दिवसाला सिगारेटी जास्त होतात, आणि मग फुप्फुसाचा कर्करोग आणि पायाच्या धमन्या बंद होणं, हे दोन्ही वाढतं. कागदावर हे 'आनुवंशिक' लिहिलं जाईल. ज्याने पहिली सिगारेट ओढलीच नाही त्याला या जनुकाचा केवढा त्रास होणार?

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते लहानपणाचं प्रकरण. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये 1911 पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्मवजन वहीत लिहीत होत्या. सात-आठ दशकांनी डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्या वह्या उघडल्या आणि ती बाळं मोठेपणी कशी जगली, कशाने गेली ते शोधलं. कमी वजनाच्या बाळांमध्ये पुढे हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. 1991 मध्ये त्यांनीच दाखवलं की त्या बाळांची मोठेपणीची फुंकही कमी होती. इलॅस्टिन कधी विणलं जातं हे आठवलं की या दोन गोष्टी एकत्र का येतात याची एक वाट दिसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तो याच विचाराच्या धाग्याने. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची 3.5 किलोची. त्या अभ्यासाचा भर मधुमेहावर आहे, पण आईचं पोषण बाळाच्या मोठेपणीच्या आजारात उतरतं हे आपल्याच मातीत दाखवणारं ते काम आहे. पुण्यातच डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये पीटर बार्न्स यांच्यासह धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं आणि चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं.

यातूनच एक मोठा वाद उभा आहे. भारतीयांची फुंक गोऱ्या लोकांपेक्षा कमी भरते. म्हणून वर्षानुवर्षं यंत्रातच 'वंशाप्रमाणे' सूट देऊन आकडे बसवले गेले, आणि कमी आकडाही 'तुमच्या लोकांसाठी नॉर्मल' ठरला. 2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसतज्ज्ञांच्या संस्थेने ही वंशावर आधारित सूट बंद करून सरसकट एकच मोजमाप वापरण्याची शिफारस केली. माझं मत त्याच बाजूचं आहे. आईची उपासमार, लहानपणचे न्यूमोनिया आणि स्वयंपाकघरातला धूर यांना वंशाचं नाव देऊन नॉर्मल म्हणायचं, म्हणजे त्यांच्यावर काही करायची गरजच उरत नाही.

करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. फुंक पंचविशीच्या सुमाराला सर्वांत भरात असते आणि मग दर वर्षी पंचवीस-तीस मिलिलिटरने ओसरते. सिगारेट ओढणाऱ्या अनेकांमध्ये ही ओसर जवळपास दुप्पट होते. सोडली, तर गेलेलं परत येत नाही, पण ओसरण्याचा वेग पुन्हा न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. धमन्या तर त्याहून लवकर उतराई होतात. स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली, आणि पुढच्या वर्षात तिथल्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे 17 टक्क्यांनी कमी झाले. दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारली, तशी नंतरच्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसंही जास्त वाढली. घरातली एक गोष्टही सांगून ठेवते. 2003 च्या एका अभ्यासात डास पळवायच्या एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. तान्ह्या बाळाच्या खोलीत ती रात्रभर जळते. मच्छरदाणी स्वस्त आहे.

आणि ज्यांना धाप लागते, खोकला हटत नाही, त्यांनी फुंकून तपासणी करावी. निकाल कमी आला तर तिथेच थांबू नये. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, पायातली नाडी हेही बघायला सांगावं. उलट, बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि जिना चढताना दम लागतो, त्यांनी 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नये.

मावशीचं वरचं बीपी त्या दिवशी 158 भरलं, आणखी दोनदा मोजून गोळी सुरू झाली. श्वासाचं औषधही चालू आहे. गॅस तिच्याकडे कधीचा आहे, चहा-भाजी त्यावर होते, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, आणि चूल स्वयंपाकघरात. तिला मी इलॅस्टिन, जुळी, कार्बन असं सगळं समजावत बसले. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे हे कापड पोरींचं आत्ता विणलं जातंय?" तिची चार वर्षांची नात रोज सकाळी ऊब मिळते म्हणून तिच्या मांडीला चिकटून चुलीपुढे बसायची. मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी गेले, तर चूल परसात पत्र्याखाली गेली होती, आणि नात उन्हात पायरीवर बसून दूध पीत होती.